वरची मूठ

मी पाण्याखाली काम करते असं कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "आणि ऑक्सिजन संपला तर?" मला आधी हसू येतं, मग थोडा राग येतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतोच. साधी हवा असते, रामनगरच्या स्टँडवर उभं राहून आपण घेतो तीच, फक्त दाबून भरलेली आणि ट्रकच्या धुराशिवाय. शिवाय ती संपत आली की काट्यावर दिसतं. आत नेमकं काय भरलंय हे सांगणारा काटा मात्र सिलिंडरला नसतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मला भीती वाटते ती त्याची. आता माणसांचीही वाटते, पण ते पुढं सांगते.

मला या कामात आणलं माझ्या मावसभावानं. तो माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला अण्णा म्हणते. आमच्याकडे निम्म्या नात्यांच्या हाका कानडी आहेत आणि त्या कानडी आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमचं घर रामनगरात, बाजाराच्या मागच्या अंगाला. आईचं माहेर खानापुराकडचं. तिची थोरली बहीण मात्र आत, नंदिगड्ड्याच्या बाजूला दिली. तिथं रानाला लागून त्यांची भातशेती. अण्णा हा त्या मावशीचा मुलगा.

या दोन घरांत तांदळाची ये-जा कायम असायची. मावशीकडून नवे तांदूळ यायचे, आमच्याकडून बाजारातलं काही जायचं. आणि एक रीत होती. देणाऱ्यानं पायली हातानं सपाट करायची आणि वर एक मूठ घालायची. घेणाऱ्यानं ते परत मोजायचं नाही, तसंच कणगीत ओतायचं. वरची मूठ असते ती एवढ्यासाठीच, की घेणाऱ्याला मोजायची वेळ येऊ नये. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मला ते थोबाडीत खाऊन कळलं. शाळेत मापं शिकवली होती, मावशी ओसरीवर चहा पीत बसली होती आणि मी तिनं आणलेले तांदूळ आमच्या पायलीनं मोजायला घेतले. आईनं आतून येऊन अशी लगावली की कानात घंटा वाजली. "मावशीचं माप मोजतीस? परकी हाय ती?" मावशी म्हणाली, "राहू दे गं, पोर हाय." अण्णा दारात उभा राहून खो खो हसत होता. पुढं कितीतरी वर्षं तो मला 'मापाडी' म्हणून चिडवायचा. मी मात्र पुन्हा कधी घरच्या माणसाचं काही मोजलं नाही.

अण्णा आधी गोव्याला गेला. बोटी धुण्यापासून सुरुवात करून पाणबुड्या झाला आणि मग मला बोलावून घेतलं. बापाला कोण समजावणार होतं? मावशी समजावायला आली. "माझा पोरगा हाय की तिथं," एवढं ती म्हणाली आणि बापानं मान हलवली. अण्णानं मला सगळं शिकवलं, हे मी कधीही नाकारणार नाही. मास्कमध्ये शिरलेलं पाणी खालीच कसं काढायचं, कान कसे मोकळे करायचे, घाबरल्यावर आधी श्वास सोडायचा आणि मग विचार करायचा. काही वर्षांनी आम्ही दोघं परत आलो आणि इकडंच कामं घ्यायला लागलो. धरणाच्या पाण्यात कामाला तोटा नसतो. बुडालेला पंप काढायचा असतो, जाळीत अडकलेली लाकडं सोडवायची असतात, भिंतीचे फोटो हवे असतात. आमच्या मुलखात कुळगीला जंगल बघायला येणारे पुष्कळ, पण त्या गार काळ्या पाण्यात उतरायला तयार असणारी आम्ही दोघंच.

आता थोडं गॅसबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

साधी हवा घेऊन खोल गेलं की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. जितका वेळ खाली, तितका जास्त मुरतो आणि भसकन वर आलं तर रक्तात त्याचे बुडबुडे होतात. म्हणून हवेत ऑक्सिजन वाढवून नायट्रोजन कमी करतात. मग खाली जास्त वेळ थांबता येतं. ऐकायला छान वाटतं, पण हाच वाढवलेला ऑक्सिजन ठरावीक खोलीखाली विष होतो. अंगाला झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस पाण्याखालीच पाणी ओढतो. बऱ्याचदा आधी काही कळतसुद्धा नाही. क्वचित कळलंच तर ओठ फडफडतो, कानात गुणगुण होते. म्हणून प्रत्येक मिश्रणाची आपली एक तळरेषा असते. अठ्ठावीस टक्क्यांचं मिश्रण घेऊन आमच्या कामाच्या पस्तीस मीटरवर खुशाल जाता येतं. चाळीस टक्क्यांचं असेल तर पंचवीसच्या खाली पाऊल टाकायचं नाही. आमचं पाणी समुद्रापेक्षा उंचावर, त्यामुळं वर किती थांबत थांबत यायचं याचे समुद्राचे तक्ते इथं जसेच्या तसे चालत नाहीत. ते गणित मी करायची. ते मला आवडायचं.

आणि या सगळ्याच्या बुडाशी एकच नियम. सिलिंडर कुणीही भरलेला असो, ज्याच्या पाठीवर जाणार त्यानं तो स्वतः मोजायचा. त्यासाठी मुठीत मावेल एवढं मशीन असतं. ते आधी साध्या हवेवर लावून घ्यायचं, मग सिलिंडरची चावी किंचित उघडून गॅस त्याच्यावर सोडायचा, की आकडा येतो. तो आकडा, त्याची खोली आणि आपली सही पांढऱ्या पट्टीवर लिहून पट्टी सिलिंडरला चिकटवायची. गोव्यात मिश्रणांचा वर्ग घेणारा माणूस म्हणायचा की यात मित्र नाही, नवरा नाही, गुरू नाही. मी मान हलवली होती. पण भाऊ नाही, असं तो म्हणाला नव्हता आणि म्हणाला असता तरी मला ते लागलं नसतं. भावानं भरून आणलेलं त्याच्यासमोर मोजायचं? माझा गालच आधी गरम झाला असता.

तरी सुरुवातीला आमच्याकडे एक मशीन होतं आणि अण्णा माझ्यासमोर मोजायचा. मग एके दिवशी म्हणाला, "मशीन बंद पडलंय गं. आतला सेन्सर गेला. नवा मागवलाय." तोवर काय करायचं, असं मी विचारलं. "तिकडंच मोजून आणतो की. भरतात तिथंच. मी हाय न्हवं?"

तो होताच. गोव्यातून सिलिंडर भरून, अनमोडचा घाट चढून तो यायचा. जीपमध्ये गोणपाटात गुंडाळलेले सिलिंडर, त्यांवर पट्ट्या, पट्ट्यांवर त्याचं गोल अक्षर. माझ्या सिलिंडरवर कायम अठ्ठावीस. मी ती पट्टी वाचायची आणि उतरायची. नवा सेन्सर येत नव्हता. मी एक-दोनदा विचारलं, तो म्हणाला, "येतंय." आणखी विचारणं मला बरं दिसेना.

मध्ये एकदा खाली लाकडं सोडवताना माझा खालचा ओठ आपोआप फडफडायला लागला. कानात बारीक गुणगुण. मी काम तिथंच सोडलं आणि जपून वर आले. होडीत चढल्यावर अण्णाला सांगितलं. तो पट्टीकडे नाही, माझ्याकडे बघून हसला. "थंडी वाजली असंल. चहा घे." त्यानंच थर्मासमधला चहा ओतून दिला, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. मला केवढं बरं वाटलं होतं.

मग तो दिवस आला. एका कंत्राटदाराचा पंप त्याच्या तराफ्यासकट बुडाला होता, पस्तीस मीटरवर. मी खाली जायचं आणि पंपाला दोर बांधायचा, अण्णानं साध्या हवेचा सिलिंडर घेऊन होडीत तयार बसायचं, हे आमचं नेहमीचं. पण सकाळपासून माझा उजवा कान दुखत होता. सर्दी होती, कान मोकळा होईना. अशा कानानं उतरलं तर पडदा फाटतो. काठाला होडी लावताना मी म्हटलं, "अण्णा, आज तू जा. माझा सिलिंडर घे. मी वर बसते."

"मी?"

"हां. काम तेच हाय. अठ्ठावीसच लागणार."

त्यानं सिलिंडरकडे बघितलं. पट्टी त्यानंच लिहिलेली, सही त्याचीच. होडीवाला पलीकडे दोर सोडत होता, त्याचं लक्ष नव्हतं. अण्णा उठला, आपल्या पिशवीची चेन उघडली, आतून एक निळा डबा काढला आणि डब्यातून मशीन.

तेच मशीन. बंद पडलेलं. त्यानं ते साध्या हवेवर धरलं, आकडा बरोबर आला तसं सिलिंडरला लावलं, चावी किंचित फिरवली. अगदी शांतपणे, मला शिकवताना करायचा तसं. फुस्स आवाज आला. मी पुढं वाकून बघितलं. चाळीस.

तो म्हणाला, "बघितलं ते बरं झालं." आणि खिशातून पेन काढून पट्टीवरचं अठ्ठावीस खोडलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा त्याच्या काखेत होता आणि वळसा मी घालत होते. मला पहिल्यांदा राग आला नाही, हे खरं सांगते. पहिल्यांदा वाटलं की आताच सेन्सर आला असेल, मला सांगायचं विसरला असेल. माणूस किती मूर्ख असतो. मी विचारलं, "हे कधी दुरुस्त झालं?"

"झालंय मागंच."

"मागं म्हणजे?"

"म्हणजे मागं." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माझा तिकडं भरतो न्हवं, तिथंच सगळी मिश्रणं भरतात. आपल्यात काय आलंय ते बघाय लागतं."

"तुझा बघतोस. आणि माझा?"

तो पेनाचं टोपण लावत बसला. मग मीच विचारत गेले आणि तुकड्या-तुकड्यांनी ते बाहेर आलं. गोव्यात पर्यटकांचे अर्धवट वापरलेले सिलिंडर असत, जास्त ऑक्सिजनचे. त्यांतलंच उरलेलं तसंच ठेवून वर हवा भरून घेतली की झटक्यात काम व्हायचं. नीट करायचं तर सिलिंडर रिकामा करून पहिल्यापासून भरायचा, मग मोजायचा, त्यात अर्धा दिवस जायचा. उरलेल्या गॅसवर भरलेल्याचा आकडा कधी तीस यायचा, कधी चाळीस, काही नेम नाही. मोजला असता तर मी तो सिलिंडर घेतला नसता, हे त्याला माहीत होतं. म्हणून मशीन दुरुस्त झालं तरी माझ्यासाठी ते बंदच राहिलं.

"त्या दिवशी माझा ओठ फडफडत होता," मी म्हटलं. "थंडी म्हणालास."

"थंडी बी असंल की."

"तुला ठाऊक होतं."

"तुला काय झालं? जित्ती हायेस न्हवं?" आता त्याचा आवाज चढला. "आणि नियम काय हाय? ज्यानं त्यानं आपला मोजायचा. तुला शिकिवलंय की. एकदा तरी म्हणालीस, अण्णा, मशीन दे, मी मोजते?"

मला अजून ते वाक्य झोपू देत नाही. कारण ते खरं आहे. मी एकदाही म्हणाले नव्हते. आणि मी म्हणणार नाही, हे त्याच्याइतकं पक्कं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती थोबाडीत बसली तेव्हा तो दारात उभा होता. परक्या माणसाला त्यानं असा सिलिंडर दिला नसता, परका मोजून बघेल ही धास्ती असते. बहीण मोजत नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. आणि केस माझ्याच आईनं वळून त्याच्या हातात दिला होता.

मी म्हटलं, आज कुणीच उतरायचं नाही. साध्या हवेच्या एका सिलिंडरवर तो खाली गेला असता, तर वर मदतीला बसणाऱ्या माझ्याजवळ चाळीस टक्क्यांचा सिलिंडर उरत होता, जो त्या खोलीवर मारणारा. त्यालाही ते पटलं. स्वतःच्या जिवाचं गणित त्याला नेहमीच लवकर पटायचं. काठावर कंत्राटदाराचा माणूस उभा होता. अण्णा त्याला मोठ्यानं म्हणाला, "बहिणीचा कान दुखतोय. आज जमंना." तेही खरंच होतं. त्या दिवशी तो एकही शब्द खोटा बोलला नाही आणि तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी फसवणूक तीच.

घरी मी आईला सगळं सांगितलं. टक्के, मीटर, ऑक्सिजन हे तिला कळावं म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यानं काय मुद्दाम केलं व्हय? चुकलं असंल. भाऊ हाय. त्याच्यामुळं तू कामाला लागलीस." मी म्हटलं, मी मेले असते. ती म्हणाली, "असं अभद्र बोलू नको. घरातलं घरात ऱ्हाऊ दे." मावशीचा फोन आला, ती रडत होती. "माझ्या पोरावर आळ घेतीस? ह्याच्यासाठी तुझ्या बाला मी शब्द दिला?" मला तिला सांगावंसं वाटलं, की मावशी, शब्द तू दिलास, मोडला त्यानं. पण ती रडत होती आणि मी फोन आईच्या हातात दिला.

हे मला जास्त लागलं. पाण्यात एकानं दगा दिला, घरात सगळ्यांनी मिळून. पुढं जो भेटला तो हेच विचारायचा, तू स्वतः का मोजलं नाहीस? शहाणी माणसं नियम सांगायची, घरची माणसं नातं सांगायची आणि दोघांच्याही मते चूक माझीच निघायची. मोजलं असतं तर नात्याला कमी, न मोजलं तर अकलेला कमी.

मी अण्णाबरोबरचं काम सोडलं. आता कोकणपट्टीत एका गटाबरोबर काम करते, त्यांतल्या कुणाशीही माझं नातं नाही. रोज सकाळी सिलिंडर रांगेत उभे असतात. जो भरतो तोच मशीन माझ्या हातात देतो, बाजूला सरकतो आणि मी आकडा मोठ्यानं वाचेपर्यंत थांबतो. मी त्याच्या तोंडावर त्याचं माप मोजते आणि त्याला वाईट वाटत नाही. अण्णानं माझ्या जागी नवा जोडीदार घेतल्याचं कळलं, तेव्हा त्या जोडीदाराचा नंबर शोधून मी त्याला एवढंच सांगितलं, "स्वतः मोज. कुणी काही म्हणू दे." तो म्हणाला, "मोजतोच की अक्का. त्यांनीच मशीन दिलंय माझ्याकडं." त्याला दिलं होतं.

भात निघाल्यावर सुट्टी घेऊन घरी आले होते. दुपारी मावशी आली, नंदिगड्ड्याकडून बस पकडून, एकटीच. डोक्यावर पिशवी. भांडणानंतर ती पहिल्यांदाच आमच्या दारात येत होती. मुलाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. चहा झाला. "नवं तांदूळ हायत. पायलीभर," ती म्हणाली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आई तिला स्टँडवर सोडायला गेली.

मी पिशवी घेऊन आत गेले. कोपऱ्यातली पायली काढली, परात मांडली आणि मोजायला बसले. मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. ते कमी भरायला हवे होते. कमी भरले असते तर मी म्हटलं असतं, या घराचं मापच खोटं, आईपासून मुलापर्यंत. मग मला कुणासाठीच रडावं लागलं नसतं. पायली भरली. मी ती हातानं सपाट केली. पिशवीच्या तळाशी तांदूळ उरले होते, ते मी मुठीत घेतले. भरगच्च मूठ. माझी मूठ लहान पडली, थोडे दाणे खाली सांडले.

मान वर केली तर आई दारात. कधी आली कळलंच नाही. पायली माझ्या पुढ्यात, मूठ तशीच हातात. मी गाल पुढं करून बसल्यासारखी बसून राहिले. तिनं मारावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं.

आईनं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "भरलं का गं?"

"भरलं," मी म्हटलं. "वर मूठ बी हाय."

तिनं मान हलवली आणि खाली बसून सांडलेले दाणे वेचायला लागली.